एका बाटलीची बखर

दसरा झाला की आमच्या घरी माळा उतरवायचा, असा नेम आहे. दिवाळीच्या साफसफाईचा श्रीगणेशा तिथूनच होतो. या वर्षी माळ्यावरून जुनी वर्तमानपत्रे, मोडका आकाशकंदील आणि दांडी तुटलेली एक छत्री यांच्याबरोबर रिकाम्या बाटल्यांची दोन पोती निघाली. पाण्याच्या, सरबतांच्या, फळांच्या रसाच्या. 'असू दे, कधी तरी उपयोगी पडेल,' या एका वाक्याच्या आधारावर मध्यमवर्गीयांच्या घरात काय काय साठते, त्याचा तो ढळढळीत पुरावाच होता. पंधरवड्याला दारावरून भंगार नेणाऱ्या मावशी आल्या, तेव्हा मी मोठ्या औदार्याने ती दोन्ही पोती त्यांच्यापुढे ओढली. मला वाटले, बाई खूश होतील. त्यांनी एक पोते एका हाताने उचलून पाहिले आणि खाली ठेवले.

"गुरुजी, आता बाटलीत काय राहिलं नाही," त्या म्हणाल्या. "पोतं भरतं, पण काटा हलत नाही. पहिल्या बाटल्या जड असायच्या."

मला हे ठाऊक नव्हते. दुधात पाणी वाढले, वडापाव लहान झाला, या तक्रारी आपण रोज करतो. पण रिकाम्या बाटलीचे वजन घटल्याची तक्रार मी प्रथमच ऐकत होतो. मी पोत्यातून एक जुनी आणि एक नवी अशा दोन बाटल्या काढून दोन तळहातांवर धरल्या. माप एकच, पाणीही दोहींत सारखेच मावणारे. पण फरक हातालाच कळला. मग हे वजन गेले कुठे? ते कोणी काढून घेतले, आणि कसे? या प्रश्नाच्या मागे लागलो, तेव्हा ध्यानात आले की या हलकेपणाला एक मोठा इतिहास आहे. तो कारखान्यात जितका घडला, त्याहून अधिक कागदावर आणि पडद्यावर घडला. तोच आज सांगणार आहे. माझे गणित मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. तेव्हा मला जसे उमगले तसेच सांगतो.

ही बाटली ज्या पदार्थाची असते त्याला थोडक्यात 'पेट' म्हणतात. लांबलचक नाव पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट. १९४१ साली मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन या संस्थेत व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनज्ञांनी तो शोधला, आणि शोधला तो बाटलीसाठी नव्हे, कापडाच्या धाग्यासाठी. आपण ज्याला टेरिलीन म्हणत होतो, तोच हा. म्हणजे वडिलांच्या टेरिलीनच्या शर्टाची आणि मुलांच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीची जात एकच!

या धाग्याची बाटली केली ती अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीतल्या नॅथॅनिएल वायथ या इंजिनिअराने. हे घराणे चित्रकारांचे. वडील एन. सी. वायथ हे पुस्तकांतल्या चित्रांसाठी प्रसिद्ध, धाकटा भाऊ अँड्र्यू हा तर अमेरिकेतला नामांकित चित्रकार. या मुलाचे मूळ नाव वडिलांचेच ठेवले होते. पण त्याचा ओढा यंत्रांकडे आहे हे पाहून वडिलांनी त्याच्या दहाव्या वर्षी ते बदलून त्याच्या इंजिनिअर काकाचे नाव त्याला दिले. मुलाचा कल ओळखून नावच बदलणारा बाप विरळाच म्हणायचा.

वायथने एके दिवशी सहकाऱ्यांना विचारले की सोडा-सरबते प्लास्टिकच्या बाटलीत का भरीत नाहीत? उत्तर आले, ती फुटतात. त्याचा विश्वास बसेना. त्याने साबणाच्या द्रवाची एक प्लास्टिकची बाटली आणली, रिकामी केली, तीत जिंजर एल भरले आणि ती घरच्या रेफ्रिजरेटरमध्ये ठेवून दिली. सकाळी पाहतो तो बाटली इतकी फुगलेली की फळ्यांच्या मध्ये घट्ट अडकून बसलेली! उन्हाळ्यात दुकानात पडलेल्या सोड्याच्या बाटलीत मोटारीच्या टायरातल्या हवेपेक्षाही अधिक दाब असतो. तो साध्या प्लास्टिकला कसा सोसावा?

त्याचा उपाय असा. धागा ओढून ताणला म्हणजे त्यातले रेणू एका दिशेने ओळीत लागतात आणि तो बळकट होतो, हे ड्यू पाँटमध्ये नायलॉनमुळे ठाऊक होतेच. पण बाटलीला बळ एका दिशेचे पुरत नाही. आतून दाब असला की गोल भिंतीवर घेराच्या दिशेने येणारा ताण हा उभ्या ताणाच्या दुप्पट असतो. म्हणून तर जुना रबरी पाइप फुगून फुटतो तो उभा चिरूनच. तेव्हा रेणू उभे आणि आडवे असे दोन्हीकडे ताणले पाहिजेत. असंख्य प्रयोग फसल्यावर वायथला ते साधले, आणि १९७३ साली पेटच्या बाटलीचे पेटंट मिळाले. आजही रीत मुळात तीच आहे. आधी परीक्षानळीसारखी दिसणारी जाड, आखूड नळी साच्यात ओततात. तिच्या तोंडाचे आटे तेव्हाच पुरे झालेले असतात. मग ती सुमारे शंभर अंशांपर्यंत तापवून आतून एका दांडीने लांबवतात आणि जोरकस हवेने साच्याच्या भिंतीपर्यंत फुगवतात. फुगा फुगवावा तशी बाटली जन्माला येते.

पण बाटली होणे वेगळे आणि ती किती जाड हवी हे कळणे वेगळे. १९७० च्या दशकाच्या शेवटी सोड्याच्या मोठ्या बाटल्या अमेरिकेच्या दुकानांत आल्या, तेव्हा त्यांचे बूड वाटीसारखे गोल होते. कारण दाब सोसायला गोल बुडासारखा आकार नाही. पण गोल बुडाची बाटली उभी कशी राहणार? आपल्या घागरीला चुंबळ लागते, तशी या बाटलीला खालून निराळ्या प्लास्टिकची एक वाटी डिंकाने चिकटवीत. म्हणजे एका बाटलीत दोन जातींचे प्लास्टिक आणि वर डिंक. पुढे ती वाटी गेली आणि बुडाला फुलाच्या पाकळ्यांसारखे पाच पाय आले. सोड्याची बाटली उलटी करून पाहा: पायांच्या मधल्या पट्ट्या अजूनही त्या जुन्या गोल बुडाच्याच आहेत. दाब त्या सोसतात, पाय नुसते उभे राहण्यापुरते. हा आकार दिसायला सुंदर, पण हिशेबाला महाकठीण. कुठे गोल, कुठे खोल, कुठे जाड, कुठे पातळ. फूटपट्टी-कंपासने काढलेल्या तीन चित्रांतून तो पुरता उतरेना. आणि ज्याचा हिशेब होत नाही, तिथे माणूस शहाणपणाने जास्तीचा माल घालतो. जुन्या बाटल्या जड होत्या त्याचे एक कारण हे. ते वजन म्हणजे आपल्या अज्ञानाचे वजन होते!

इथे बाटली क्षणभर बाजूला ठेवून चित्रांच्या गोष्टीकडे वळले पाहिजे.

सरळ रेघेला पट्टी आहे, वर्तुळाला कंपास आहे. पण मोटारीच्या पाठीच्या उताराला काय आहे? जहाजे बांधणारे एक लवचीक लाकडी पट्टी घेत, तिला ठिकठिकाणी शिशाची वजने लावून वाकवीत आणि तिच्या कडेने रेघ ओढीत. मोटारीच्या कारखान्यांत मातीचा पूर्ण आकाराचा नमुना करीत. त्यावरून फर्मे, फर्म्यांवरून साचे. प्रत्येक हाताबरोबर आकार थोडा थोडा ढळे, आणि शेवटी नमुना खरा की चित्र खरे, यावर कारागिरांत वाद होत. फ्रान्समध्ये रेनो कंपनीत पियेर बेझिए नावाचा इंजिनिअर होता. त्याला वाटले की आकार जर आकड्यांत सांगता आला, तर वादच उरणार नाही. आकडा एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात गेला तरी झिजत नाही. १९६० च्या दशकात त्याने असे वक्र आकड्यांत पकडण्याची रीत बसविली आणि तीवर 'युनिसर्फ' ही यंत्रणा उभी केली.

ही रीत आपल्याकडच्या बायामाणसांना चटकन समजेल, कारण ती रांगोळीच्या ठिपक्यांची सख्खी बहीण आहे. ठिपक्यांच्या रांगोळीत रेघ ठिपक्यांतून जाते. बेझिएच्या वक्रात ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या ठिपक्यातून जाते. मधले ठिपके तिला नुसते आपल्याकडे ओढतात. मधला एक ठिपका बोटभर सरकवला की सगळी रेघ त्या बाजूला झुकते. कुठेही कोपरा नाही, गाठ नाही. चार ठिपक्यांचे आकडे लिहून ठेवले की ती वळणदार रेघ जशीच्या तशी पुन्हा उमटते.

यात एक करुण उपकथाही आहे. हीच युक्ती १९५९ साली सित्रोएन या दुसऱ्या फ्रेंच मोटार कंपनीतल्या पॉल द कास्तेल्जो या तरुण गणितज्ञाने आधीच काढली होती. पण कंपनीने ती गुपित म्हणून कुलपात ठेवली. बेझिएने आपली रीत प्रसिद्ध केली, म्हणून वक्राला नाव त्याचे पडले. कास्तेल्जोचे नाव ती रेघ काढण्याच्या कृतीला मिळाले, तेही पुष्कळ वर्षांनी. तो २०२२ साली वारला. आज जगातल्या कितीतरी छापील अक्षरांच्या वळणांत या दोघांचे गणित आहे. या पानावरच्या 'ळ' ची गाठदेखील त्यातूनच आली असेल.

समुद्रापलीकडे अमेरिकेत याच काळात आणखी एक घटना घडली. आयव्हन सदरलँड नावाचा चोवीस वर्षांचा विद्यार्थी एमआयटी या संस्थेत क्लॉड शॅननच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेटचा प्रबंध लिहीत होता. १९६३ सालच्या त्या प्रबंधात त्याने टीएक्स-२ या खोलीभर पसरलेल्या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने चित्र काढून दाखविले. त्याचे नाव 'स्केचपॅड'. नवल चित्राचे नव्हते. नवल हे की चित्राला आज्ञा कळत होत्या. 'या दोन रेघा समांतर राहू देत' असे एकदा सांगितले की एक हलवली तरी दुसरी आपण होऊन जुळवून घेई. त्याने पुलाचे चित्र काढले आणि पुलाच्या सळ्यांवर किती भार पडतो याचे आकडेही पडद्यावर दाखविले. कागदावरचे चित्र मुके असते. हे चित्र विचारल्या प्रश्नाला उत्तर देत होते. संगणकाच्या साहाय्याने आरेखन, ज्याला पुढे 'कॅड' म्हणू लागले, त्याचे बीज हे.

भाराचे उत्तर देणारी आणखी एक विद्या विमानांच्या धंद्यात वाढत होती. विमानाच्या पंखासारखा अवघड आकार लहान लहान तुकड्यांत कल्पनेने विभागायचा, एकेका तुकड्याचा ताण काढायचा आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांचे हिशेब जुळवीत सगळ्यांची बेरीज करायची. या रीतीला रे क्लफ या अमेरिकन प्राध्यापकाने १९६० साली 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिले. हाताने करू गेल्यास जन्म पुरणार नाही. संगणकाला तो खेळ आहे.

आता बाटली पुन्हा पुढे घ्या. विमाने आणि मोटारी यांच्यासाठी जन्मलेल्या या विद्या, संगणक स्वस्त झाले तशा बाटल्यांचे साचे करणाऱ्यांच्या टेबलावर येऊन पोचल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अशी आरेखने आली की त्यांत एक माप बदलले की त्याच्यावर अवलंबून असणारी सगळी मापे आपोआप बदलत. बाटलीच्या धंद्यात हे वरदानच ठरले. बाटलीचा खांदा थोडा उतरता केला तर आत मावणारे पाणी कमी होते, आणि लेबलावर एक लिटर लिहून कमी भरणे हा गुन्हा आहे. पूर्वी खांदा बदलला की लाकडाचा किंवा प्लॅस्टरचा नवा नमुना करून पुन्हा मापावे लागे. आता खांदा ओढताच पोटात किती मावते हा आकडा पडद्यावर येतो.

त्याच पडद्यावर बाटलीची परीक्षाही होते, ती जन्माला येण्याआधीच. गोदामात खोक्यांवर खोकी रचतात. सर्वांत खालची बाटली दबेल का? फळांचा रस सुमारे ८५ अंशांवर गरम भरतात; तो निवला की आकसतो आणि भिंती आत ओढतो; मग बाटली कुठे खपाटीला जाईल? म्हणून रसाच्या बाटलीच्या अंगावर चौकोनी खोलगट फळ्या असतात. त्या आत जाण्यासाठीच ठेवलेल्या असतात. पाण्याच्या बाटलीवर आडव्या वळ्या असतात. पातळ भिंतीला ताठपणा यावा म्हणून. मी इतकी वर्षे त्या वळ्यांना नक्षी समजत होतो!

आणि इथेच मावशींच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. कुठे किती ताण येतो हे एकदा कळले, की जिथे येत नाही तिथले प्लास्टिक काढता येते. अज्ञानाचे वजन उतरले. मानेला फुंकर लागत नाही, ती जाडच राहते. म्हणून तिथला माल वाचवण्यासाठी मान आणि झाकणच आखूड केले. जुने आणि नवे झाकण शेजारी ठेवून पाहा. एका बाटलीमागे एक ग्रॅम म्हणजे काय? पण शंभर कोटी बाटल्यांमागे तो हजार टन होतो. अमेरिकेत २००० साली पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली सुमारे १९ ग्रॅमची असे. पुढच्या पंधरा वर्षांत ती १० ग्रॅमच्या आत आली. तेल वाचले, वाहतुकीचे इंधन वाचले, कंपन्यांचे पैसे वाचले. ही गोष्ट वाईट आहे असे कोण म्हणेल? मीही म्हणत नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजू आमच्या दारात उभी होती. १९ ग्रॅमच्या बाटल्या एक किलो भरायला ५३ लागतात. १० ग्रॅमच्या शंभर. भाव किलोचा असतो, बाटलीचा नसतो. मग तितक्याच पैशांसाठी जवळजवळ दुप्पट वेळा वाकायचे. पडद्यावर वाचलेला ग्रॅम असा कुणाच्या तरी कमरेवर चढतो. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणाऱ्या बायकांनी एकत्र येऊन 'आम्ही करतो ते काम आहे' असे जगाला सांगितले. तोवर त्यांचा ग्रॅम कुणी मोजलाच नव्हता.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. आजची पातळ पाण्याची बाटली ताठ का उभी असते? आतले पाणी आणि बंद झाकण यांच्या जोरावर. कित्येक कारखान्यांत झाकण लावण्याआधी आत द्रव नायट्रोजनचा एक थेंब सोडतात. त्याचा वायू होऊन आतून दाब येतो आणि भिंती ताठ राहतात. झाकण उघडले की तो जोर गेला; बाटली हातात चुरगळते. म्हणजे तिचे सारे बळ झाकण उघडेपर्यंतचेच आहे. गोदाम, ट्रक, दुकान, एवढ्या प्रवासाचा हिशेब तीत अचूक केलेला आहे. त्यापुढचा प्रवास चित्रात नव्हताच. काचेची बाटली जड होती, महाग होती, म्हणून दुकानदार अनामत घेई आणि आपण ती परत नेऊन देत असू. हलकी वस्तू हातातून सहज सुटते.

यात चित्राचा दोष नाही. सदरलँडच्या पुलाप्रमाणे ते विचारल्या प्रश्नाचे चोख उत्तर देते. न विचारलेल्याचे देत नाही. विचारले की काय होते हेही दिसले आहे. युरोपीय संघाने २०१९ साली कायदा केला की तीन लिटरपर्यंतच्या पेयांच्या प्लास्टिकच्या बाटलीचे झाकण बाटलीपासून सुटता कामा नये, म्हणजे ते समुद्रकाठी भटकणार नाही. २०२४ च्या ३ जुलैपासून तो अमलात आला. झाकण तर आटे फिरवून काढण्यासाठीच असते, ते बांधून कसे ठेवणार? पण तेच पडदे, तेच वक्र, तीच विद्या कामाला लागली आणि बिजागरीची झाकणे निघाली. प्रश्न बदलला, उत्तर बदलले. उद्या कुणी असे विचारले की ही बाटली वेचणाऱ्याला किती मिळावे, ती पुन्हा किती वेळा भरता यावी, तर त्याचेही उत्तर निघेल.

मावशींनी पोती रिकामी केली. झाकण काढायचे, बाटली पायाखाली घ्यायची, चपटी करायची, पोत्यात टाकायची. मीही शेजारी बसून झाकणे काढू लागलो. घरातल्या मुलांना गंमत वाटली. तीही आली, आणि अंगणात कडकड असा आवाज सुरू झाला, जणू फटाक्यांची माळच. तासाभराने दोन पोत्यांचे अर्धे पोते झाले. मावशींनी ते काट्याला लावले. काटा हलला, पण मी पाहत होतो तितका नाही.

"जड बाटल्या वेगळ्या ठेवा, गुरुजी," जाताना त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला नेईन."

मी माळ्यावर परत चढलो. जुन्या, जाड अशा अकरा बाटल्या निघाल्या. त्या खाली काढून दाराशी ठेवल्या आहेत.